कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात कुटुंबासह सायकलसफर : सपाट मार्ग कसा आखावा?

ठाणेवासी (प्रश्न)

नमस्कार. नाताळच्या सुट्टीत पत्नी, आठवीत शिकणारी मुलगी आणि मी असे तिघे सांगली-शिरोळ भागात तीन दिवस सायकलने फिरण्याचा विचार करीत आहोत. या भागाशी आमची ओळख रेल्वेने कोल्हापूरला देवदर्शनाला जाण्यापुरतीच असून तिथले गावोगावचे रस्ते आम्हाला अजिबात ठाऊक नाहीत. तिघांकडेही गिअरच्या साध्या सायकली आहेत आणि दिवसाला ३० ते ४० किलोमीटर आम्ही आरामात जातो. मात्र ठाण्याजवळच्या येऊरसारखा चढ लागला की मुलीचा उत्साह मावळतो, म्हणून रस्ता सपाट असावा ही पहिली अट. वाहनांची वर्दळ कमी असावी, वाटेत झाडे, नदी आणि पाहण्याजोगे काही असावे, ही दुसरी.

नरसोबावाडी ते खिद्रापूर आणि परत असा मार्ग मी दोन संकेतस्थळांवर आखून पाहिला, तेव्हा एकाने एकूण चढ शंभर मीटरच्या आत दाखवला, तर दुसऱ्याने त्याच्या जवळजवळ तिप्पट. यातले खरे काय मानावे? शिवाय नकाशावर नदीच्या अगदी कडेने काही बारीक वाटा दिसतात. नदीकाठ म्हणजे सर्वांत सपाट, असे गृहीत धरून मार्ग त्या वाटांवरून न्यावा का? आणि रोज मुक्काम बदलावा, की एकाच ठिकाणी राहून वेगवेगळ्या दिशांना फेऱ्या माराव्यात? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

नकाशाप्रेमी

आकड्यांतली ही तफावत रस्त्यामुळे येत नसून उंची मोजण्याच्या पद्धतीमुळे येते. बहुतेक संकेतस्थळे २००० साली अंतराळयानातून झालेल्या मोजणीसारख्या माहितीवर अवलंबून असतात. तिच्या जाळीचा एकेक चौकोन सुमारे ३० मीटर लांबी-रुंदीचा असतो आणि त्यात झाडांची व इमारतींची उंची काही प्रमाणात जमिनीच्या उंचीत मिसळलेली असते. घाटात या चुकीने फारसे बिघडत नाही, कारण तिथे खरा चढच शेकडो मीटरचा असतो. सपाट मुलखात मात्र चार-पाच मीटरची ही खोटी चढउतार दर काही अंतरावर जमा होत जाते आणि शेवटी भलताच आकडा समोर येतो. पुलांच्या बाबतीत तर हे फारच ठळक दिसते. कृष्णेचे पात्र दोन्ही काठांपेक्षा बरेच खोल आहे. संकेतस्थळाला पूल कळत नाही, त्याला पात्रातल्या पाण्याची पातळी तेवढी दिसते, म्हणून सायकलस्वार नदीत उतरून पुन्हा वर चढला असे ते धरते. आपल्या मार्गाच्या उंचीच्या आलेखात पुलाच्या जागी टोकदार खड्डा दिसत असेल, तर तो खुशाल वजा करावा.

त्याहून भरवशाचा आधार म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाचे ५०,०००ला १ या प्रमाणाचे नकाशे. २०१७ पासून ते विभागाच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. जुन्या क्रमांकपद्धतीत सांगली-शिरोळचा परिसर ४७ एल या पत्रकात येतो. या नकाशांवर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, साधारणतः २० मीटरच्या अंतराने काढलेल्या असतात. आखलेला मार्ग पेन्सिलीने गिरवावा आणि तो किती समोच्च रेषा ओलांडतो ते मोजावे. सांगलीची उंची सुमारे ५५० मीटर आहे आणि तिथून खाली शिरोळ तालुक्यात मैलोन्मैल एकही रेषा आडवी येत नाही, हे पाहिले की निराळ्या पुराव्याची गरज उरत नाही. एकूण चढ मीटरमध्ये घेऊन त्याला किलोमीटरने भागावे. भागाकार चार-पाचच्या आत असेल तर लहान मुलांनाही तो रस्ता सपाटच वाटतो, दहाच्या वर गेला की पाय बोलू लागतात.

आणखी एक खूण लक्षात ठेवावी. रेल्वेला तीव्र चढ चालत नाही, त्यामुळे अनोळखी मुलखात रुळांना समांतर जाणारे गावरस्ते बहुधा सौम्य निघतात. किर्लोस्करवाडी, भिलवडी, नांद्रे, माधवनगर, सांगली, मिरज ही स्थानकांची रांग याचा चांगला नमुना आहे. याउलट मिरजेच्या पूर्वेला दंडोबाचा डोंगर, देवराष्ट्र्याकडे सागरेश्वर आणि कुंभोजजवळ बाहुबलीची टेकडी आहे. त्या दिशांना वळल्यास चढ अटळ आहे.

शिरोळकर शेतकरी

नकाशाप्रेमींनी लिहिलेले योग्यच आहे. मात्र नदीच्या कडेच्या वाटांविषयी मला आवर्जून सांगावेसे वाटते, कारण बाहेरून येणारे बहुतेक जण नेमके तिथेच फसतात. नदीकाठ सर्वांत सपाट असतो हा समज आमच्या भागात खरा ठरत नाही. शेतांतून येणारे ओढे गावाजवळ उथळ असतात आणि नदी जवळ येईल तसतसे खोल होत जातात, कारण नदीच्या पात्राची पातळी गाठण्यासाठी त्यांना काठ कापत खाली उतरावे लागते. त्यामुळे अगदी काठाने जाणारी वाट प्रत्येक ओढ्यापाशी खाली घसरते आणि पलीकडे तेवढीच वर चढते. तोच ओढा एक-दोन किलोमीटर आत, गावांना जोडणाऱ्या डांबरी रस्त्यावर, एखाद्या मोरीवरून कळतही नाही असा ओलांडला जातो. म्हणून मार्ग काठापासून एक गाव मागे ठेवावा आणि नदी पाहण्यासाठी घाटावर, पुलावर किंवा देवळापाशी मुद्दाम जावे. पुराचे पाणी जिथे फारसे टिकत नाही अशा उंचवट्यावर जुनी गावठाणे वसलेली आहेत आणि त्यांना जोडणारे रस्ते बैलगाडीच्या काळापासून सोयीच्या उतारानेच गेलेले आहेत.

नकाशावर ज्या बारीक वाटा दिसतात त्या बहुतेक पाणंदी, म्हणजे शेतांतून जाणाऱ्या कच्च्या वाटा आहेत. पाऊस संपून दोन महिने झाले म्हणजे पाणंद कोरडी असेल असे समजू नये. उसाला पाळीचे पाणी सुरू असले की सरीतले पाणी बांध फोडून पाणंदीत येते आणि डिसेंबरातही तिथे चिखल होतो. आमची काळी माती एकदा टायरला लागली की दर फेऱ्याला थर वाढत जातो, ब्रेकच्या फटीत भरते आणि शेवटी चाक फिरेनासे होते; मग काडीने खरवडण्यावाचून इलाज राहत नाही. पाणंद कोरडी असेल तर कडेच्या सराट्यांचे आणि बाभळीचे काटे असतात. प्रत्येक सायकलीसाठी एक जादा ट्यूब, हातपंप आणि पंक्चर काढण्याचे सामान जवळ असू द्यावे.

नाताळात येणार आहात, म्हणजे साखर कारखान्यांचा हंगाम ऐन भरात असेल. मार्ग आखताना सर्वांत आधी नकाशावर कारखान्यांच्या जागा खुणा करून ठेवाव्यात, हा माझा तुम्हाला सर्वांत महत्त्वाचा सल्ला आहे. शिरोळला कारखाना आहे, खिद्रापूरच्या बाजूला टाकळीवाडीलाही आहे. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांच्या दोन्ही अंगांना बाहेर आलेला ऊस आणि मागे दिवा असेलच याची खात्री नाही, अशी वाहने अरुंद रस्त्यावर रात्रंदिवस धावत असतात. पहिली ट्रॉली पुढे गेली म्हणून सायकल रस्त्याच्या मध्याकडे घेऊ नये. मागची ट्रॉली आत कापत येते, तिला जागा सोडावी. सायकली दुपारी चारच्या आत मुक्कामी पोहोचतील असाच बेत करावा, अंधारात या रस्त्यांवर मुलीला घेऊन मुळीच फिरू नये.

तिसरी गोष्ट बंधाऱ्यांची. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे नकाशावर नदी ओलांडणाऱ्या रस्त्यासारखे दिसतात आणि पावसाळ्यानंतर बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घातले की त्यांच्यावरून दुचाकी, सायकली जातातही. परंतु माथा अरुंद असतो, बहुतेकांना कठडा नसतो, एका बाजूला तुडुंब पाणी आणि दुसऱ्या बाजूला खोल पात्र असते. मोठ्या माणसांनीही तिथे उतरून सायकल हातात धरून चालावे. मुलगी बरोबर असताना पुलाचाच रस्ता धरावा, मग दहा किलोमीटरचा वळसा पडला तरी चालेल.

मिरजेचा सायकलस्वार

मुक्कामाविषयी माझे मत स्पष्ट आहे : एकाच ठिकाणी राहावे. अनोळखी भागात सामान लादून रोज पुढे सरकणाऱ्याला दिवसाचे अंतर कापावेच लागते, मग मुलगी दमो, पंक्चर होवो वा वारा फिरो. एका गावी सामान ठेवून फेऱ्या मारल्या तर कुठूनही परत फिरता येते. नरसोबावाडी या दृष्टीने फार सोयीची आहे. कृष्णा-पंचगंगेचा संगम तिथेच आहे, राहण्याच्या सोयी पुष्कळ आहेत आणि चारही बाजूंचा मुलूख सपाट आहे. खोली ठरवताना तीन सायकली रात्री आत ठेवता येतील का, एवढे आधीच विचारून घ्यावे. बासुंदी आणि कवठाची बर्फी यांसाठी वेगळी शिफारस करण्याची गरज नाही, मात्र दोन्ही दुपारच्या फेरीनंतर खावीत. तिथी अवश्य पाहावी. दत्तजयंती मार्गशीर्ष पौर्णिमेला, म्हणजे बहुधा डिसेंबरातच येते. त्या सुमारास वाडीचे रस्ते भाविकांनी फुललेले असतात आणि खोली मिळणेही कठीण होते.

सपाट प्रदेशात चढाची जागा वारा घेतो, हा विचार आखणीत सहसा कोणी करत नाही. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे साधारणतः पूर्वेकडचा वारा असतो, सकाळी अगदी मंद आणि दुपारी थोडा वाढलेला. खिद्रापूर वाडीच्या आग्नेयेला आहे. तेव्हा सकाळी शांत हवेत जावे आणि दुपारी वारा पाठीवर घेऊन परतावे, हा क्रम आपोआप जुळतो. हीच फेरी मार्चमध्ये केली तर दुपारचा वारा पश्चिमेकडून येऊ लागतो आणि परतताना तोंडावर बसतो. तेव्हा फेरी उलट दिशेची निवडावी लागते.

ठाण्याहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने यावे, ती सकाळी लवकर मिरजेला पोहोचते. सायकली पार्सल कार्यालयात नोंदवून मालडब्यातून आणाव्या लागतात. नोंदणी मिरजेपर्यंतचीच करावी, लहान स्थानकावर गाडी इतकी कमी थांबते की सामान उतरवण्याची धांदल होते. मिरजेहून वाडीला जाताना अंकलीकडचा मोठा रस्ता टाळून कृष्णाघाटावरून पूल ओलांडून अर्जुनवाडमार्गे शिरोळला यावे. अंतर वीस किलोमीटरच्या आसपास भरते आणि पहिल्या दिवसाला तेवढे पुरे.

ठाणेवासी

तिघांचेही मनापासून आभार. आपल्या सूचनांवरून असा आराखडा केला आहे. पहिल्या दिवशी मिरज, अर्जुनवाड, शिरोळ, नरसोबावाडी. दुसऱ्या दिवशी कुरुंदवाड, अकिवाट, सैनिक टाकळीमार्गे खिद्रापूर आणि त्याच रस्त्याने परत. तिसऱ्या दिवशी पहाटे निघून सांगली, नांद्रे, भिलवडीमार्गे औदुंबर, तिथून परत मिरज आणि रात्रीची गाडी. समोच्च रेषा मोजल्या. तिन्ही दिवस रस्ता सपाट दिसतो. यात काही खटकते का?

मिरजेचा सायकलस्वार

पहिले दोन दिवस उत्तम, तिसरा मात्र बदलावा. रस्ता सपाट असला तरी वाडी ते औदुंबर ते मिरज हे अंतर आपल्या रोजच्या पल्ल्याच्या दुपटीवर जाते, आणि शेवटी गाडीची वेळ गाठायची असल्याने सारा दिवस घड्याळाकडे पाहण्यात जाईल. औदुंबर वेगळ्या सफरीसाठी राखून ठेवावे. ते सांगलीत मुक्काम करून, सकाळी नांद्रे-वसगड्याच्या रस्त्याने जाऊन करण्याचे ठिकाण आहे. दत्ताचे दर्शन, समोरच्या काठावरचे भुवनेश्वरीचे देऊळ आणि घाटावरची सावली यांना सवड द्यावी. त्याऐवजी तिसऱ्या दिवशी वाडीहून सांगलीला येऊन हरिपूरला जावे. तिथे कृष्णा-वारणेचा संगम आणि संगमेश्वराचे देऊळ आहे, आणि हळद साठवण्याची जमिनीखालची पेवे याच गावची. तिथून सांगलीत परतल्यावर १९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलापाशी थांबून कन्येला पाण्याची पातळी मोजण्याच्या खुणा दाखवाव्यात. इथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पात्रात खाली दिसणारे हिवाळ्यातले पाणी आणि ती खूण एकत्र पाहिल्यावर शिरोळकरांनी सांगितलेली गावठाणांची गोष्ट तिला आपसूक समजेल.

शिरोळकर शेतकरी

दुसऱ्या दिवसात एकच बदल सुचवतो. सकाळी सातच्या सुमारास निघावे, म्हणजे दहाच्या आत खिद्रापूरला पोहोचाल. कोपेश्वराच्या देवळात निदान दोन तास काढावेत. शिलाहारांच्या काळातले बाराव्या शतकातले हे काम आहे. स्वर्गमंडपाच्या छताला मधोमध गोल उघडी जागा आहे आणि तिच्या बरोबर खाली गोल शिळा आहे. सकाळी दहा ते बारा या वेळात वरून येणारे ऊन सरकताना दिसते. दगडी खांबांत भर दुपारीही गारवा असतो, तेव्हा मुलीची विश्रांतीही तिथेच होईल. जेवणाचा डबा आणि पाणी वाडीहूनच न्यावे, कारण खिद्रापुरात चहा मिळतो, जेवणाची खात्री देता येत नाही.

परत येताना टाकळीवाडीच्या कारखान्याकडे जाणारा फाटा लागेल तिथे ट्रॉल्यांची रांग असू शकते. रांग उभी असेल तर तिच्या डाव्या बाजूने, ऊस आणि गटार यांच्या मधल्या फटीतून पुढे जाण्याचा प्रयत्न करू नये. समोरचा रस्ता मोकळा दिसेपर्यंत थांबून उजवीकडून ओलांडावे. निघण्याच्या आदल्या आठवड्यात इथे लिहावे, म्हणजे अकिवाटच्या बाजूला रस्त्याचे काम चालू आहे का आणि कुठे पाणी आले आहे का, हे प्रत्यक्ष पाहून कळवीन.