अनुभव धागा: तुमच्यासाठी प्रार्थनेला कोण बसलं होतं?

सगळ्यांना सलाम.

आई गेल्यावर तिचं कपाट आवरताना पवित्र शास्त्राखाली एक शंभर पानी वही सापडली. डावीकडे नाव, उजवीकडे तारीख. काही नावांपुढे बरोबरची खूण, काहींपुढे चार-चार तारखा, प्रत्येक वेगळ्या पेनाने. एका पानावर माझं नाव होतं. माझी नोकरी गेली तेव्हाचं, सलग सात महिने. ती माझ्यासाठी प्रार्थना करत होती हे तिने मला कधी सांगितलं नाही.

बायबलमध्ये करिंथकरांना लिहिताना प्रेषित पौल म्हणतो, आशिया प्रांतात आमची जगण्याचीही आशा सुटली होती, ते यासाठी की आम्ही स्वतःवर नाही, मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर भरवसा ठेवावा. आणि लगेच पुढे, तुम्हीही प्रार्थनेने आम्हाला साहाय्य करा. भरवसा देवावर, तरी सोबत माणसांची मागतो. आईची वही पाहिल्यावर मला हे कळलं.

तुमचे अनुभव लिहा. 'प्रार्थना केली आणि झालं' एवढंच नको. मधले दिवस लिहा.

वानवडीहून

मिस्टर अकरा दिवस आयसीयूत होते. मला प्रार्थना सुचतच नव्हती. डोळे मिटले की 'प्रभू' एवढाच शब्द यायचा, पुढे काही नाही. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या दोन काकू आळीपाळीने बाहेरच्या बाकावर येऊन बसायच्या. एकीच्या पिशवीत नेहमी स्टीलचा डबा, वरण-भात आणि लिंबाची फोड. ती म्हणाली, "तू जेव गं. तुझ्या वाटचं आम्ही मागतो."

बाराव्या दिवशी ते गेले. मी काकूंवर ओरडले, कशाला बसलात मग इतके दिवस? त्या काहीच बोलल्या नाहीत. बायबलचं वचनही सांगितलं नाही. माझा हात धरून बसून राहिल्या. पुढचं वर्षभर दर मंगळवारी घरी आल्या. मला पहिलं पूर्ण वाक्य बोलून प्रार्थना करता आली ती पाचव्या महिन्यात, त्यांच्यासमोरच. 'का' याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. पण देवाने मला सोडलं नव्हतं हे मी त्या दोघींमुळे सांगू शकते.

पिंपरीहून

मी आणि माझा एक सहकारी, दोघे एकाच खात्यात. पहिल्या पाळीच्या आधी, पहाटे पाच चाळीसला, सायकल स्टँडमागे उभं राहून चार-पाच मिनिटं प्रार्थना. त्याचं पिणं सुटावं म्हणून सुरू केली होती. तीन वर्षं लागली. मध्ये दोनदा तो घसरला, आठवडाभर तोंड चुकवायचा. मी तरी उभा राहायचो, एकटाच. आता तो माझ्या मुलीच्या लग्नासाठी प्रार्थना करतो.

केडगावहून

आमची पणजी दुष्काळात मध्य प्रांतातून पंडिता रमाबाईंबरोबर इथे आलेल्या मुलींपैकी. रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं, आणि दुष्काळातल्या मुली वाढत गेल्या तशी केडगावला 'मुक्ती' ही त्यांची संस्था उभी राहिली. शेकडो तोंडं, आणि भरवसा देवावर. १९०५ च्या जानेवारीत बाईंनी रोज जमून प्रार्थना करायला कोण येईल असं विचारलं तेव्हा ७० जणी पुढे आल्या, जूनपर्यंत त्या साडेपाचशेच्या आसपास झाल्या असं सांगतात. लोक त्या जूनअखेर इथे झालेल्या आध्यात्मिक जागृतीबद्दलच बोलतात. मला ते आधीचे पाच-सहा महिने मोठे वाटतात. काहीच घडत नसताना रोज येऊन बसणाऱ्या, धान्य निवडणाऱ्या, विहिरीवर पाणी ओढणाऱ्या पोरी होत्या त्या.

बिबवेवाडीहून

शिकायला पुण्यात आहे. आजी दर शनिवारी संध्याकाळी गावाहून फोन करते आणि आधी विचारते, "नावं सांग." मी रूमवरच्या तिघांचीही नावं देतो. ते ख्रिस्ती नाहीत. गेल्या महिन्यात त्यातलाच एकजण आपणहून म्हणाला, "आजीला सांग ना, सोमवारी माझी तोंडी परीक्षा आहे."

कोंढव्याहून

मला कबुली द्यायची आहे. उपासनेनंतर कुणी अडचण सांगितली की मी 'प्रार्थना करतो हं' म्हणायचो आणि विसरायचो. एका भावाने नंतर येऊन डोळ्यांत पाणी आणून आभार मानले, तुमच्या प्रार्थनेने धीर आला म्हणाले. मी एकदाही केली नव्हती. त्या रात्री झोप लागली नाही. आता कुणी सांगितलं की तिथेच, चपला घालता घालता का होईना, त्यांच्यासोबत प्रार्थना करतो आणि मगच निघतो.

धागा सुरू करणारी

वानवडीच्या ताई, तुमचं लिहिलेलं काल रात्री तीनदा वाचलं. आईच्या वहीत मागे कोरी पानं बरीच आहेत. तुमचं नाव माहीत नाही, म्हणून 'वानवडीच्या ताई' असंच लिहिलं आहे. आजची तारीख घातली आहे.