मदत हवी आहे: नार्निया मुलांना कोणत्या क्रमाने वाचून दाखवू?

नमस्कार मंडळी,

आम्ही उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला राहतो. 'नार्निया' या सात पुस्तकांच्या जादुई कथामालेचा लेखक सी. एस. लुईस इथलाच, जन्म 1898 चा. पूर्व बेलफास्टमध्ये त्याच्या नावाचा चौक आहे, कथांमधल्या अस्लान सिंहाचे आणि पांढऱ्या चेटकिणीचे पुतळे आहेत. मुलं अस्लानला मिठी मारल्याशिवाय तिथून हलत नाहीत!

पुढच्या महिन्यापासून आठ मुलांचा वाचनगट घरी सुरू करतेय. निम्मी मराठी, निम्मी इथली. पण पालकांमध्ये आत्ताच दोन तट पडलेत. पुस्तकं 1950 ते 1956 या काळात आली, त्याच क्रमाने घ्यायची, की कथेतल्या काळानुसार? हल्लीच्या संचांवर दुसऱ्या क्रमाचे आकडे असतात, म्हणजे 1955 चं 'द मॅजिशियन्स नेफ्यू' पहिलं. लुईसनेही 1957 मध्ये एका अमेरिकन मुलाला लिहिलं होतं की त्याला काळानुसारचा क्रम जास्त पटतो. मात्र क्रमाने फारसं बिघडत नसावं, असंही.

माझं मन मानत नाही. सगळ्यात आधी आलेल्या पुस्तकात ल्यूसी ही मुलगी कपाटातल्या कोटांमधून नार्नियाच्या बर्फात पाऊल टाकते आणि जंगलात मधोमध दिव्याचा खांब! तो तिथे कसा आला हे 'द मॅजिशियन्स नेफ्यू'मधून मुलांना आधीच कळलं, तर त्या क्षणाची गंमत गेलीच ना?

तुमच्यापैकी कुणी सात ते दहा वर्षांच्या मुलांना सातही पुस्तकं वाचून दाखवली आहेत का? कोणता क्रम घेतलात, मुलं कुठे कंटाळली? आणि मराठी मुलांसाठी मध्ये मध्ये मराठीत सांगावं का? अनुभव असेल तर नक्की लिहा.