गरिबांना मदत रोख द्यावी की वस्तूंची? अर्थव्यवस्थेनुसार काय बदलतं?

प्रश्न:
समाजवादी, भांडवलशाही, मिश्र अशा व्यवस्थांत गरिबीचं रूप वेगळं असतं हे मान्य. पण मदतीची आखणी करताना त्याचा उपयोग काय? रोख की वस्तू, हे कशावरून ठरवायचं?

उत्तर १:
माणसाच्या हातात पैसा नाही की बाजारात मालच नाही, हे आधी शोधा. सोव्हिएत संघात भाव सरकारने बांधलेले होते, पगारही मिळे. टंचाई होती मालाची, म्हणून रांगा. अशा ठिकाणी नोटा वाटल्या तर रांगच लांबते. जानेवारी १९९२मध्ये रशियाने बहुतेक भाव मोकळे केले आणि चित्र उलटलं. दुकानांत माल दिसू लागला, पण महागाईने लोकांची आयुष्यभराची बचत मातीमोल केली.

त्यामुळे रोख देण्याआधी जवळच्या बाजारातले धान्य, तेल, औषधं यांचे भाव आणि साठा काही आठवडे नोंदवा. मागणी वाढली तर नवा माल किती दिवसांत येईल, हे व्यापाऱ्यांना विचारा. माल येणार असेल तर रोख द्या, वाट तुटली असेल तर वस्तू. भाव पळत असतील तर रक्कम दर महिन्याला वाढवावी लागते, हे सर्रास राहून जातं.

उत्तर २:
याला जोड: १९४३च्या बंगालच्या दुष्काळाबद्दल अमर्त्य सेन यांनी हेच मांडलं, की भाव चढले, मजुरी मागे राहिली आणि शेतमजुराची धान्य विकत घेण्याची ऐपतच संपली. फक्त कोठारातला साठा मोजून हे दिसत नाही.

प्रश्नकर्ता:
आणि ज्यांच्याकडे काहीच नाही, त्यांचं काय?

उत्तर ३:
त्यांना नुसतं कर्ज देऊ नका, हप्ता फेडायला कमाईच नसते. बांगलादेशात ब्रॅक संस्थेने २००२पासून वेगळी पद्धत वापरली. गावकऱ्यांसमोर घरांची क्रमवारी लावायची, मग घरोघरी पडताळणी. निवडलेल्या कुटुंबाला जनावरासारखं कमाईचं साधन, ते सांभाळण्याचं प्रशिक्षण, सुरुवातीचे काही महिने खाण्यापुरता भत्ता, बचतीची सवय आणि नियमित भेटी. हे सगळं साधारण दोन वर्षं.

भत्ता वगळू नका. तो नसेल तर पहिल्या आजारपणात शेळी विकली जाते. साधनही जपून निवडा: मध्य अमेरिकेतल्या होंडुरास देशात अशाच कार्यक्रमात दिलेल्या कोंबड्या रोगाने मेल्या आणि कुटुंबांच्या हाती फारसं काही उरलं नाही. लस आणि पशुवैद्य मिळण्याची सोय आधी, जनावरांचं वाटप नंतर.