सगळे खडे मिठाच्या पाण्यात ठेवावेत का? आणि रत्नजलाचं काय?

ओंजळ
सात खड्यांचा संच आहे: पांढरा स्फटिक, ॲमेथिस्ट, गुलाबी स्फटिक, सेलेनाइटची कांडी, मॅलाकाइट, पायराइट आणि फिरोजा. सोबतच्या चिठ्ठीत शुद्धीची कृती आहे: सगळे एकत्र रात्रभर मिठाच्या पाण्यात, मग दिवसभर कडक उन्हात. खाली असंही लिहिलंय की यातला कुठलाही खडा पिण्याच्या पाण्यात सोडला की रत्नजल तयार. एका रात्रीत सेलेनाइटची झळाळी गेली, कांडी बोटाला खरखरीत लागते. पाण्याला हलकी निळी छटा आली आहे. काय चुकलं? ते पाणी पिण्यासारखं आहे का?

खनिजखोर
नाही, ओतून टाका. झाडांनाही घालू नका, मीठ आहे त्यात. चिठ्ठी पाण्यामागोमाग गेली तरी चालेल.

सेलेनाइट म्हणजे जिप्सम. साध्या पाण्यातही ते लिटरला दोन-अडीच ग्रॅम विरघळतं, मिठाच्या पाण्यात त्याहून जास्त. म्हणजे तुमची कांडी खराब झाली नाही, वरून थोडी विरघळली. मोह्सच्या मापावर तिचा कठीणपणा 2, नखाचा साधारण अडीच. नखानेही ओरखडा उठतो. ती फक्त कोरड्या मऊ ब्रशने झटकायची. खरखर कमी करायची असेल तर बारीक पॉलिश पेपर (1000 किंवा पुढचा), कोरडाच, तंतूंच्या दिशेने, तोंडाला मास्क लावून. पहिल्यासारखी मात्र होणार नाही.

मॅलाकाइट हे तांब्याचं कार्बोनेट. लिंबू किंवा व्हिनेगर लागलं तर फसफसतं, आणि मिठानेही पॉलिश मरतं. ओलसर फडक्याने पुसून लगेच कोरडं करा.

फिरोजा सच्छिद्र असतो. तेल, अत्तर, साबण, घाम, काय लागेल ते शोषतो आणि हळूहळू हिरवट पडतो.

भिजवता येतात ते क्वार्ट्झ कुळातले तीनच: पांढरा, जांभळा, गुलाबी. कोमट पाणी, साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश, दोन मिनिटं पुरे. गरम पाण्यातून काढून थेट थंड नळाखाली धरू नका, आतल्या भेगा वाढतात. मीठ इथेही नको. खारं पाणी भेगांत शिरतं, वाळताना मिठाचे कण तयार होतात आणि पाचर ठोकल्यासारखी भेग फाकते.

उन्हाचंही तसंच. ॲमेथिस्टचा जांभळा रंग लोहाचे अणू आणि नैसर्गिक किरणोत्सर्ग यांच्यातून आलेला असतो, रोजच्या प्रखर उन्हात तो फिका होत जातो. काही गुलाबी स्फटिकही विटतात. स्फटिकाचा गोळा खिडकीत ठेवणाऱ्यांनी तर विशेष जपावं: तो भिंगासारखा ऊन एका बिंदूवर आणतो आणि पडदा पेटू शकतो.

शुद्धीचा विधी हवाच असेल तर चांदणं, धूप, घंटेचा नाद. यातलं काहीच दगडाला बाधत नाही.

तळ्यातलंपाणी
रत्नजलाबद्दल थोडं सविस्तर. नियम एकच: खडा पाण्याला लागता कामा नये.

कृती: एक लिटरचा काचेचा जग घ्या. घट्ट झाकणाची छोटी काचेची बाटली पूर्ण कोरडी करा, खडा आत ठेवा, झाकण लावा. बाटली जगात उभी करा, पाणी तिच्या गळ्याच्या खालीच राहू द्या. काही तासांनी बाटली काढून पाणी त्याच दिवशी संपवा. पाण्याच्या घटकांत यामुळे काहीही बदल होत नाही, आणि सुरक्षितता नेमकी त्यातच आहे.

थेट बुडवलं तर मॅलाकाइटमधून तांबं उतरू शकतं. गॅलेनात शिसं, सिनाबारमध्ये पारा, रिअलगार आणि ऑर्पिमेंटमध्ये आर्सेनिक. हे चार पाण्याजवळ तर नकोतच, पण हाताळल्यावर हातही धुवा आणि मुलांच्या हाती देऊ नका. 'माझा साधा क्वार्ट्झ आहे' म्हणणाऱ्यांनीही जरा थांबा: पॉलिशवरचं मेण, भेगा बुजवायचा राळेचा थर, रंग, हे खड्यावर लिहिलेलं नसतं. तळाशी स्फटिक चिकटवलेल्या पाण्याच्या बाटल्यांत त्या सांध्यात ब्रश पोचत नाही आणि बुळबुळीत थर धरतो.

कसोटी
निळ्या छटेचा उलगडा कुणी केला नाही. खरा फिरोजा एका रात्रीत पाणी निळं करत नाही. तो बहुधा निळा रंगवलेला हाउलाइट किंवा मॅग्नेसाइट आहे, दोन्ही मुळात पांढरे.

कापसाच्या काडीवर ॲसिटोन घेऊन मागच्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी दहा सेकंद घासा. कापूस निळा झाला तर रंग नक्की. नाही झाला तरी खरा असं समजू नका, वरून राळेचा थर दिलेला असेल तर रंग सुटत नाही. भोकाच्या कडेला किंवा टवका उडालेल्या जागी आत पांढरं दिसतंय का तेही पाहा. हा प्रयोग मोती, ओपल, अंबर यांच्यावर करू नका.

पांढऱ्या स्फटिकाचीही परीक्षा घ्या. आत गोल बुडबुडे दिसले तर काच. गोळा असेल तर कागदावर एक बारीक रेघ ओढून त्यातून पाहा आणि गोळा फिरवत राहा. क्वार्ट्झमध्ये बहुतेक दिशांनी रेघ दुहेरी दिसते, काचेत एकेरीच.

ओंजळ
कापूस निळा झाला! आता मुळातलंच विचारतो: खरा असला काय, नकली असला काय, स्फटिकाने बरं वाटतं म्हणतात त्यात तथ्य किती?

खनिजखोर
ब्रिटनमधले मानसशास्त्रज्ञ क्रिस्टोफर फ्रेंच यांनी 2001 मध्ये मांडलेला प्रयोग याच प्रश्नावर आहे. 80 जण, पाच मिनिटं ध्यान, निम्म्यांच्या हाती खरा क्वार्ट्झ, निम्म्यांच्या हाती नकली. ऊब, झिणझिण्या, शांतपणा हे अनुभव दोन्हीकडे सारखेच. काय जाणवेल हे ज्यांना आधी सुचवलं होतं, त्यांना जास्त जाणवलं. म्हणजे बरं वाटतं ते खरं, पण ते खड्यातून येत नाही.

'घड्याळात क्वार्ट्झ चालतो, मग शरीरात का नाही' हा युक्तिवाद नेहमी येतो. घड्याळातला क्वार्ट्झ सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो तो बॅटरीच्या जोरावर. मुठीत धरलेला नुसता थंड लागतो.

तरी त्या थंडपणाचा उपयोग करून घ्या: मुठीत मावणारा गुळगुळीत खडा, चार आकडे श्वास आत, सहा बाहेर, पाच मिनिटं. लक्ष टेकवायला हाती काहीतरी असलं की बरं पडतं. त्यासाठी रंगवलेला हाउलाइटसुद्धा चालतो, फक्त घामाने हात निळा होईल. औषध मात्र यापायी बंद करायचं नाही आणि दुखणं अंगावर काढायचं नाही.

ओंजळ
पायराइट राहिला. तोही त्याच पाण्यात होता.

खनिजखोर
खरं तर सगळ्यात घाई त्याचीच. दमट हवेत पायराइट गंजतो आणि गंधकाचं आम्ल सोडतो. वाहत्या साध्या पाण्याने मीठ पूर्ण काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून काढा, पुसा, पंख्याखाली दिवसभर वाळवा. मग सिलिका जेलच्या पुडीसकट वेगळ्या डबीत. पांढरी-पिवळी भुकटी दिसू लागली तर आम्ल सुटलंय असं समजा. ती कोरड्या ब्रशने झटका, हातमोजे घालून, आणि डबी व आतला कागद बदला. मॅलाकाइटच्या शेजारी तर ठेवूच नका.