जबड्यासाठी पायाचं हाड की नुसती प्लेट?

पायवाट: मामांना (५८, मधुमेह, तंबाखूची जुनी सवय) डाव्या खालच्या हिरडीचा कॅन्सर आहे, हाडात उतरलाय. हनुवटीपासून कानाखालपर्यंत जबडा काढणार. एक सर्जन पायातलं फिब्युला (नडगीशेजारचं बारीक हाड) लावू म्हणतात, दुसरे म्हणतात धातूची प्लेट आणि छातीचा फ्लॅप (तिथल्या स्नायू-कातडीचा तुकडा) पुरे. हाड काढल्यावर चालता येतं का? आधी काय विचारून घ्यावं?

भुईकमळ: चालता येतं. भार पेलते ती नडगी; फिब्युलाचा वाटा थोडाच. घोट्याकडचं ६-८ सेंमी हाड ठेवतात, नाहीतर घोटा डगमगतो. गुडघ्याकडचंही ठेवतात, कारण पाऊल उचलणारी नस तिथूनच वळते. पुढे काहींचा पायाचा अंगठा आत वाकतो, म्हणून तो वर ओढायचा व्यायाम लवकर सुरू करायचा.

पण पहिला प्रश्न हा विचारा: पायांचा सीटी अँजिओ (रक्तवाहिन्या दाखवणारा स्कॅन) झाला का? या हाडाला रक्त देते पेरोनियल धमनी. क्वचित कुणाच्या पावलाचा सगळा रक्तपुरवठा तिच्यावरच असतो. ती काढली तर पाऊल धोक्यात. मधुमेह आणि तंबाखू दोन्ही असताना तर ही तपासणी टाळूच नये.

दंतकथा: हनुवटीचा मधला भाग जाणार असेल तर नुसत्या प्लेटवर भागत नाही. रेडिएशननंतर कातडी विरते, स्क्रू ढिले होतात आणि प्लेट बाहेर डोकावते. फक्त मागचा भाग जाणार असेल आणि लांबलचक भूल झेपणार नसेल, तर छातीचा फ्लॅप हा शहाणा पर्याय आहे. त्याला दुय्यम समजू नका. तिथे कधी प्लेटही घालत नाहीत, मग उरलेला जबडा त्या बाजूला सरकतो. आणि हो, पुरुषांमध्ये छातीच्या कातडीचे केस तोंडात उगवतात. हे आधी कुणी सांगत नाही.

पायवाट: मधला थोडा भाग जाणार आहे. अँजिओ नाही झालेला. ऑपरेशननंतर घरच्यांनी काय बघायचं?

भुईकमळ: मग माझं मत फिब्युला, अँजिओ आणि भूलतज्ज्ञ दोघांनी हो म्हटलं तर. पहिले २४ तास नर्स दर तासाला फ्लॅप, म्हणजे हाडासोबत लावलेली पायाची कातडी, बघते. तो जांभळट, फुगलेला, सुई टोचल्यावर काळपट रक्त येणारा दिसला तर शीर तुंबलीय. पांढरा, गार आणि सुईलाही रक्त नाही, तर धमनी बंद. दोन्हीत लगेच परत ऑपरेशन थिएटरमध्ये, सकाळच्या राउंडची वाट बघायची नाही. श्वासनळीच्या ट्यूबची पट्टी गळ्याला आवळू देऊ नका. फ्लॅपच्या रक्तवाहिन्या मानेतल्या रक्तवाहिन्यांना तिथेच जोडलेल्या असतात.

दंतकथा: किडलेले दात याच ऑपरेशनमध्ये काढून घ्या. रेडिएशन लागलं तर ते ऑपरेशननंतर ६ आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवं, तोवर हिरड्या भरल्या पाहिजेत. रेडिएशननंतर दात काढला तर हाड सडू शकतं. फुले योजनेत नेमकं काय बसतं, ते आरोग्यमित्राला ॲडमिट व्हायच्या आधी विचारा.