मदत हवी आहे: पदवीच्या समाजशास्त्रासाठी मुक्त साधनांतून वाचनसंच कसा तयार करावा?

नमस्कार.

मी पदवीच्या वर्गांना ‘समाजशास्त्राची ओळख’ आणि ‘सामाजिक संशोधनपद्धती’ हे दोन विषय शिकवते. येत्या सत्रापासून या विषयांसाठी विकतच्या पाठ्यपुस्तकांऐवजी मुक्त परवान्याच्या साधनांतून तयार केलेला वाचनसंच द्यावा, असे विभागात ठरले असून ते काम माझ्याकडे आले आहे. आजवर विद्यार्थ्यांमध्ये फिरत आलेल्या स्कॅन केलेल्या प्रकरणांना मला पूर्णविराम द्यायचा आहे. नुसते फुकट वाचायला मिळणारे साहित्य मात्र मला पुरणार नाही. मला मजकूर कापावा लागेल, दोन ठिकाणचा मजकूर जोडावा लागेल, उदाहरणे बदलावी लागतील आणि काही भागांचा विद्यार्थ्यांच्या भाषेत अनुवादही करावा लागेल.

आतापर्यंत जमवलेली सामग्री अशी. समाजशास्त्रासाठी राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स प्रकल्पाचे प्राथमिक पाठ्यपुस्तक (तिसरी आवृत्ती, २०२१) घेतले आहे. त्याचा परवाना सीसी बाय आहे, म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्सचा, श्रेय दिल्यास हवा तसा वापर आणि बदल करू देणारा. संस्कृती आणि नातेसंबंध या घटकांसाठी अमेरिकन अँथ्रोपॉलॉजिकल असोसिएशनच्या सामुदायिक महाविद्यालय विभागाने काढलेले सांस्कृतिक मानवशास्त्राचे मुक्त पुस्तक अधिक चांगले वाटले, पण ते सीसी बाय-एनसी आहे (एनसी म्हणजे केवळ अव्यापारी वापरासाठी). संशोधनपद्धतीसाठी अनोल भट्टाचार्जी यांचे २०१२ मधील पुस्तक निवडले आहे. त्यातील मापन आणि नमुनानिवडीची प्रकरणे पदवीच्या विद्यार्थ्यांना झेपतील इतकी सुटसुटीत आहेत, परंतु परवाना सीसी बाय-एनसी-एसए आहे (एसए म्हणजे बदललेला मजकूरही त्याच परवान्याखाली देण्याची अट). याशिवाय विकिपीडियावरील काही नकाशे आणि आकृत्या हव्या आहेत, आणि त्या सीसी बाय-एसए परवान्याखाली आहेत.

अडचण इथेच सुरू होते. चार साधने आणि चार परवाने यांचा एकच संच कायदेशीररीत्या करता येतो का, आणि करता आला तर त्या संचावर कोणता परवाना लावावा? दुसरा प्रश्न उदाहरणांचा आहे. ओपनस्टॅक्सच्या पुस्तकात सामाजिक स्तरीकरणाचे अख्खे प्रकरण अमेरिकेवर बेतलेले आहे आणि वंश व वांशिकतेच्या प्रकरणाचा मोठा भागही तिथल्याच समूहांविषयी आहे. संकल्पना सर्वत्र लागू पडतात, पण वाचणाऱ्याला सारखे परक्या घरात पाहुणा म्हणून बसल्यासारखे वाटते. अशी प्रकरणे बदलण्याचा कुणाला अनुभव असल्यास कोणत्या क्रमाने काम करावे, ते कृपया सांगावे. तिसरे म्हणजे मार्क्स, दुर्खीम आणि वेबर यांचे मूळ उतारे द्यायचे आहेत. हे तिघेही जाऊन शतक लोटले, तेव्हा त्यांचे लेखन निर्धास्तपणे वापरता येईल, असे मी धरून चालू का? आणि शेवटचा प्रश्न: संशोधनपद्धतीच्या प्रात्यक्षिकांसाठी खरी, मुक्त आकडेवारी आणि फुकट संगणकप्रणाली कोणती घ्यावी?

केवळ दुव्यांची यादी नको. अशा याद्या मर्लोट, ओईआर कॉमन्स आणि मिनेसोटा विद्यापीठाच्या ओपन टेक्स्टबुक लायब्ररीत चांगल्या मिळतात आणि त्या मी चाळल्या आहेत.

प्रतिसाद १

परवान्यांपुरते लिहितो. ग्रंथालयात हेच काम करतो, त्यामुळे थोडे लांबेल.

प्रथम दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात: संग्रह आणि रूपांतर. चार पुस्तकांतील चार प्रकरणे जशीच्या तशी एकापाठोपाठ लावली आणि प्रत्येकावर त्याचा परवाना स्पष्टपणे लिहिला, तर तो संग्रह होतो. अशा संग्रहात प्रत्येक प्रकरण आपापल्या परवान्याखाली राहते आणि परवान्यांचा आपसात संघर्ष होत नाही. दोन प्रकरणांतील परिच्छेद एकमेकांत विणून नवे प्रकरण लिहिले, तर मात्र ते रूपांतर ठरते आणि तिथे सर्व अटी एकाच वेळी पाळाव्या लागतात. अनुवाद हेही रूपांतरच आहे. निव्वळ स्वरूप बदलणे, म्हणजे वेबपानाचे पीडीएफ करणे किंवा अक्षरे मोठी करणे, हे परवान्याच्या ४.० आवृत्तीनुसार रूपांतर मानले जात नाही.

तुमच्या बाबतीत सीसी बायचा मजकूर कशातही मिसळतो. श्रेय द्यावे आणि बदल केल्याचे नमूद करावे, एवढेच. सीसी बाय आणि सीसी बाय-एनसी यांच्या मिश्रणाला अव्यापारी अट कायम ठेवावी लागते. त्यात भट्टाचार्जींचा मजकूर विणला, तर त्या प्रकरणावर सीसी बाय-एनसी-एसए हाच परवाना लावावा लागेल, आणि त्यांच्या प्रकरणांच्या अनुवादालाही हेच लागू होईल. इथवर सारे जुळते. जुळत नाही ते फक्त विकिपीडियाचे. बाय-एसए म्हणते की रूपांतरावर व्यापारी वापराची बंदी घालू नका, आणि बाय-एनसी-एसए म्हणते की ती घातलीच पाहिजे. त्यामुळे या दोन परवान्यांचे मजकूर एका रूपांतरात एकत्र येऊ शकत नाहीत. तुम्हाला नकाशे हवे आहेत, म्हणून वाट सोपी आहे: नकाशा न बदलता स्वतंत्र आकृती म्हणून ठेवावा आणि त्याखाली त्याचे श्रेय व परवाना द्यावा. विकिपीडियाचे परिच्छेद मात्र घेऊ नयेत. ते स्वतःच्या शब्दांत लिहिणे जवळजवळ तेवढ्याच श्रमाचे असते.

श्रेय देताना शीर्षक, लेखक, मूळ स्थळ आणि परवाना या चार गोष्टी द्याव्यात आणि त्यांच्या जोडीला काय बदलले, ते एका वाक्यात सांगावे. ओपनस्टॅक्सच्या पुस्तकातील छायाचित्रांकडे वेगळे लक्ष द्यावे, कारण त्यांपैकी बरीच इतरांकडून घेतलेली असून त्यांचे श्रेय आणि परवाने चित्राखाली निराळे दिलेले असतात.

अव्यापारी अटीमुळे छपाईची भीती बाळगू नये. शाळांच्या सांगण्यावरून शुल्क घेऊन प्रती काढून देणाऱ्या दुकानाने या अटीचा भंग केला का, हा वाद अमेरिकेतील दोन अपील न्यायालयांपुढे गेला होता. २०१८ आणि २०१९ मध्ये दोघांनीही भंग झालेला नाही, असाच निर्णय दिला. इतर देशांतील न्यायालयांवर तो बंधनकारक नाही, पण विचाराची दिशा त्यातून कळते. संच नफ्याने विकणे हा वेगळा प्रकार आहे, तो टाळावा.

एक राहिले. परवान्यात एनडी ही अक्षरे दिसली, तर त्या साधनाचा अनुवाद किंवा फेरबदल करून वाटता येत नाही. अर्थशास्त्रातील कोअर प्रकल्पाचे ‘द इकॉनॉमी’ हे पाठ्यपुस्तक याच प्रकारात मोडते. ते उत्तम आहे, परंतु ते विद्यार्थ्यांना दुव्याने द्यावे, संचात विणू नये.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी सहमत. अभिजात ग्रंथांविषयी थोडे.

मार्क्स १८८३ मध्ये, दुर्खीम १९१७ मध्ये आणि वेबर १९२० मध्ये वारले. त्यांच्या मूळ जर्मन आणि फ्रेंच लेखनावर आता प्रताधिकार उरलेला नाही. पण आपण वाचतो तो सहसा अनुवाद असतो आणि अनुवादकाचा हक्क स्वतंत्र असतो. कम्युनिस्ट जाहीरनाम्याचा सॅम्युएल मूर यांचा १८८८ चा इंग्रजी अनुवाद बिनधास्त वापरावा. वेबर यांच्या प्रोटेस्टंट नीतीविषयीच्या ग्रंथाचा सर्वांत परिचित इंग्रजी अनुवाद मात्र टॅल्कट पार्सन्स यांचा, १९३० चा आहे, आणि पार्सन्स १९७९ पर्यंत हयात होते. ज्या देशांत प्रताधिकार मृत्यूनंतर साठ किंवा सत्तर वर्षे टिकतो, तिथे हा अनुवाद अजून मुक्त झालेला नाही. तो संकेतस्थळांवर सहज सापडतो, यावरून काहीच सिद्ध होत नाही. तुमच्या विभागात जर्मन किंवा फ्रेंच जाणणारे कुणी असेल, तर दोन-तीन पानांचा उतारा थेट मुळातून अनुवादित करून घ्यावा. तो अनुवाद तुमचाच होईल आणि तुम्ही त्याला हवा तो परवाना देऊ शकाल.

प्रतिसाद ३

उदाहरणे आणि आकडेवारी हे मला दोन प्रश्न वाटत नाहीत, म्हणून एकत्रच लिहिते.

परकी उदाहरणे काढून त्यांच्या जागी आपली किस्सेवजा उदाहरणे घालण्याचा मोह होतो. त्याने प्रकरण ओळखीचे वाटू लागते, पण विद्यार्थी शिकत काही नाहीत. माझा अनुभव असा की प्रकरणातील विधान ठेवावे, त्यामागचा अमेरिकी आकडा काढावा आणि त्या जागी तीन-चार देशांची तुलना घालावी. स्तरीकरणाच्या प्रकरणात हे विशेष साधते. जागतिक बँकेची खुली आकडेवारी २०१० पासून सर्वांना उपलब्ध आहे आणि ती बहुतांशी सीसी बाय ४.० परवान्याखाली आहे. त्यातून विषमतेचा गिनी निर्देशांक घ्या आणि विद्यार्थ्यांना देशांचा क्रम लावायला सांगा. क्रम लावून झाला की विचारा, हे आकडे मोजले कशावरून? काही देशांचा निर्देशांक उत्पन्नाच्या सर्वेक्षणावरून काढलेला असतो, तर काहींचा उपभोगखर्चाच्या सर्वेक्षणावरून. उपभोगातील विषमता उत्पन्नातील विषमतेपेक्षा सहसा कमी दिसते, कारण श्रीमंत घरे उत्पन्नाचा मोठा वाटा बचतीत टाकतात आणि गरीब घरे तंगीच्या काळात उसनवारी करून किंवा साठवणीतले वापरून खर्च टिकवून धरतात. म्हणजे क्रमवारीतील काही फरक समाजांतला नसून मोजमापातला असतो. एवढ्या एका तासिकेत तुमच्या दोन्ही विषयांची गाठ पडते, आणि ही गोष्ट कोणत्याही तयार पाठ्यपुस्तकाच्या प्रकरणात मला इतकी नेमकी सापडलेली नाही.

दुसरे साधन म्हणजे १९८१ पासून चालत आलेले जागतिक मूल्य सर्वेक्षण; त्याची सातवी फेरी २०१७ ते २०२२ या काळात झाली. बहुतेक माणसांवर विश्वास ठेवता येतो की जपूनच वागावे लागते, असा एक जुना प्रश्न त्यात आहे. नंतरच्या फेऱ्यांत कुटुंब, शेजारी, पहिल्यांदा भेटलेली व्यक्ती, दुसऱ्या धर्माची व्यक्ती यांच्याविषयी वेगवेगळे प्रश्न आले. ‘बहुतेक माणसे’ म्हटल्यावर उत्तर देणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नेमके कोण येते, हे या दोन प्रकारच्या उत्तरांची सांगड घालून तपासायला लावले, की मापनाची सप्रमाणता (जे मोजायचे तेच मोजले जाते का) हा रटाळ वाटणारा घटक आपोआप उलगडतो. सावधानता एवढीच की ही आकडेवारी फुकट असली तरी मुक्त नाही. ती ना-नफा वापरासाठी नोंदणी करून उतरवता येते, पण तिची फाईल पुढे वाटण्यास परवानगी नाही. संचात फाईल न ठेवता ती उतरवण्याची कृती लिहावी. आवर वर्ल्ड इन डेटा या आकडेवारीच्या संकेतस्थळावरील आलेखही याच नजरेने पाहावेत: त्यांचे स्वतःचे काम सीसी बाय आहे, पण त्यामागच्या तिसऱ्या पक्षांच्या आकडेवारीला मूळ संस्थेच्या अटी लागू होतात.

फुकट सांख्यिकी प्रणालींबाबत थोडक्यात: विकतच्या एसपीएसएसची सवय असलेल्या शिक्षकांना पीएसपीपी ओळखीची वाटेल, नवशिक्या विद्यार्थ्यांना जामोवी सोपी जाते, आणि आर हे तिसऱ्या वर्षासाठी राखून ठेवावे.

धागाकर्ती

तिन्ही प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. संग्रह आणि रूपांतर यांतील भेद कळल्यामुळे संचाची रचनाच बदलणार आहे. समाजशास्त्राची प्रकरणे मी रूपांतरित करीन आणि त्यांत केवळ सीसी बायचा मजकूर वापरीन, म्हणजे इतर शिक्षकांना ती कोणत्याही अटीविना पुढे बदलता येतील. मानवशास्त्राचे प्रकरण जसेच्या तसे ठेवीन, आणि संशोधनपद्धतीचा अनुवाद स्वतंत्र पुस्तिका म्हणून सीसी बाय-एनसी-एसए परवान्याखाली काढीन. वेबर यांच्या उताऱ्यासाठी जर्मन शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना विचारले आहे.

अजून एक शंका आहे. सरावप्रश्नही मुक्त ठेवावेत का? उत्तरे सर्वांना उपलब्ध झाल्यास अंतर्गत मूल्यमापनात त्यांचा उपयोग उरणार नाही. शिवाय मूळ पुस्तकाची नवी आवृत्ती आली, तर आमच्या रूपांतराचे काय करावे?

प्रतिसाद १ (पुन्हा)

आधी एक छोटी दुरुस्ती: ‘कोणत्याही अटीविना’ असे नाही, श्रेयाची अट राहतेच.

प्रश्नांचे दोन साठे करावेत. वाचता वाचता सोडवायचे प्रश्न एचफाइव्हपी या संवादी प्रश्न बनवण्याच्या साधनात तयार करून प्रकरणातच घालावेत. त्यांची उत्तरे उघड असणे हाच त्यांचा उपयोग आहे. गुणांसाठीचे प्रश्न संचाबाहेर ठेवावेत. ओपनस्टॅक्सही शिक्षकांसाठीची काही सामग्री पडताळणी केलेल्या शिक्षक खात्यांनाच देते, त्यामुळे यात मुक्ततेच्या तत्त्वाशी तडजोड झाली, असे समजण्याचे कारण नाही. प्रतिसाद ३ मधील गिनी निर्देशांकासारखा प्रश्न असेल, तर ही काळजी आणखी कमी होते, कारण दर वर्षी देश बदलले की उत्तरही बदलते.

आवृत्तीबद्दल: क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना मागे घेता येत नाही. नवी आवृत्ती वेगळ्या परवान्याने आली, तरी ज्या परवान्याखाली तुम्ही जुनी घेतली तो अटी पाळेपर्यंत कायम राहतो. त्यासाठी पुरावा हाताशी असावा. मूळ फाईल, परवाना दाखवणाऱ्या पानाची प्रत आणि उतरवल्याची तारीख हे तिन्ही एका फोल्डरमध्ये ठेवावे. तुमचे रूपांतर पीडीएफबरोबरच संपादन करता येईल अशा स्वरूपातही द्यावे. केवळ पीडीएफ दिले, तर परवाना बदलाची मुभा देत असूनही पुढच्या शिक्षकाला सारा मजकूर नव्याने टंकावा लागतो. श्रेय देताना एखादी चूक राहून गेली आणि कुणी ती निदर्शनास आणली, तर ४.० परवान्यात ती कळल्यापासून ३० दिवसांच्या आत दुरुस्त केल्यास तुमचे हक्क आपोआप पूर्ववत होतात. भट्टाचार्जींच्या पुस्तकाची तुमच्याकडील प्रत ३.० परवान्याची असल्यास ही सवलत तिला लागू नाही, म्हणून त्या अनुवादाचे श्रेयपान आधी तपासून घ्यावे.