‘शंभर वर्षांचा पूर’: मराठीत कसा सांगावा?

प्रश्न

अमेरिकेतल्या एका ग्रामीण काउंटीत, म्हणजे तिकडच्या जिल्ह्यात, घर घेतो आहे. मागच्या कुंपणापलीकडे ओढा आहे. बँकेच्या कागदात ‘हंड्रेड-इयर फ्लड’, ‘बेस फ्लड एलिव्हेशन’, ‘झोन ए’ असं बरंच काही आहे. आईला फोनवर ‘शंभर वर्षांचा पूर’ असं सांगितलं, तर ती म्हणाली, “मग मागच्या दहा वर्षांत येऊन गेला असला तर बरंच की, पुढची नव्वद वर्षं बघायला नको.” अर्थ तसा नाही हे मला कळतं, पण मराठीत नीट सांगता येईना. कोणता शब्द वापरावा?

प्रतिसाद १

आईंचं काही चुकलं नाही, शब्दच तसा आहे. इंग्रजी वाचणारेही त्यात असेच फसतात. पुराला मागचा हिशेब आठवत नसतो. दर वर्षी जो पूर येण्याची शक्यता शंभरात एक असते, तो हा पूर. यंदा आला तरी पुढच्या वर्षी शक्यता तेवढीच. तीस वर्षांचं कर्ज घेतलंत, तर ते फिटेपर्यंत असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के, म्हणजे चारात एक. अगदी शंभर वर्षं मोजली तरी तो येईलच असं नाही. शक्यता ६३ टक्क्यांच्या आसपास भरते.

शब्दाचं म्हणाल, तर आपल्याकडे पूररेषेच्या कामात ‘शंभर वर्षांतून सरासरी एकदा येणारा पूर’ असं लिहितात. लाल रेषा त्याची, निळी पंचवीस वर्षांची. त्यातला ‘सरासरी’ लोक बोलताना गाळतात आणि तिथेच घोटाळा होतो. मी ‘एक टक्क्याचा पूर’ म्हणेन.

प्रतिसाद २

काका, गणित पटलं, शब्द नाही पटला. ‘एक टक्क्याचा पूर’ ऐकून कुणालाही वाटेल की घोट्याएवढं पाणी येणार. शिवाय एक टक्का म्हटलं की माणूस ‘हं’ म्हणून पान उलटतो. ‘वर्षाला शंभरात एक’ म्हणावं आणि लगेच ‘कर्ज फिटेपर्यंत चारात एक’ हे जोडावं. लांबलचक आहे खरं, पण गैरसमज व्हायला जागा राहत नाही.

‘बेस फ्लड एलिव्हेशन’साठी मात्र फार शोधायला नको. त्या पुरात पाणी जिथवर चढेल ती पातळी, म्हणून ‘पूरपातळी’. आणि घराचं ‘जोतं’ हा शब्द आपल्याकडे आयता आहे. जोतं पूरपातळीच्या वर की खाली, एवढं विचारलंत की अर्धा कागद कळला. पातळी समुद्रसपाटीपासून मोजलेली असते, अंगणापासून नव्हे. ‘बाराशे फूट’ वाचून दचकू नका.

प्रश्नकर्ता

‘जोतं’ आवडलं! पण आमच्या भागाच्या पूरधोक्याच्या नकाशावर पूरपातळीचा आकडाच नाही. नुसता ‘ए’.

प्रतिसाद ३

दादा, मी तिकडेच विम्याच्या कामात आहे, म्हणून लिहिते. ग्रामीण भागात हे नेहमीचं. नुसता ‘ए’ म्हणजे धोका धरला आहे, पण सविस्तर मोजणी करून पातळी काढलेली नाही. ‘एई’ असेल तिथे आकडा मिळतो. काउंटीच्या पूरक्षेत्र अधिकाऱ्याला विचारा, कधीकधी जुन्या अभ्यासातली माहिती त्यांच्याकडे असते. सर्वेअरकडून जोत्याची उंची मोजून घेतलीत आणि घराला टेकलेली सगळ्यांत खालची जमीन पूरपातळीच्या वर निघाली, तर घर धोक्याच्या क्षेत्रातून वगळण्यासाठी फेमाकडे, म्हणजे अमेरिकी सरकारच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेकडे, अर्ज करता येतो.

‘ए’ आणि किनाऱ्यावरच्या ‘व्ही’ने सुरू होणाऱ्या झोनमध्ये सरकारी हमीचं किंवा सरकारी नियंत्रणाखालच्या बँकेचं कर्ज असेल, तर पूरविमा सक्तीचा; १९७३ च्या कायद्यापासून. ‘एक्स’मध्ये, म्हणजे या धोक्याच्या क्षेत्राबाहेर, सक्ती नाही. त्याचा अर्थ लोक ‘धोका नाही’ असा लावतात, आणि माझं भांडण या शब्दाशी जास्त आहे. २०२२ च्या जुलैत पूर्व केंटकीत आणि २०२४ च्या सप्टेंबरात हेलीन वादळाच्या वेळी पश्चिम नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगराळ भागात घरं वाहून गेली. तिथे फारच थोड्यांकडे पूरविमा होता. हप्ताही आता नुसत्या झोनच्या अक्षरावरून ठरत नाही. ऑक्टोबर २०२१ पासून पाण्यापासूनचं अंतर, जोत्याची उंची, घर पुन्हा बांधायचा खर्च असं घरागणिक बघतात. अक्षर सक्ती ठरवतं, हप्ता नाही.

आता तुमच्या आईंना सांगायचा खरा शब्द ‘पूर’ हाच आहे. आपण नदीने पात्र सोडलं की पूर म्हणतो, आणि अंगणातून पाणी आत आलं की ‘पाणी शिरलं’. पॉलिसीला हा फरक मान्य नाही. एरवी कोरड्या असणाऱ्या दोन एकर जमिनीवर, किंवा तुमची धरून दोन मालमत्तांवर पाणी पसरलं तर तो पूर, मग नदी मैलभर लांब का असेना. खेड्यात शेजारी लांब असतो, त्यामुळे दोन एकरांची अट लक्षात ठेवा. नळ फुटून घर भिजलं तर तो पूर नव्हे, ते घराच्या नेहमीच्या विम्याकडे जातं. आणि त्या नेहमीच्या विम्यात पूर नसतो.

प्रतिसाद २

ताई, मग ‘पाणी शिरणं’ आणि ‘पूर’ यांत पॉलिसी वाचताना फरकच करायचा नाही?

प्रतिसाद ३

पाणी बाहेरच्या जमिनीवरून आलं की छतातून-नळातून, हा फरक करा. आपल्या दोन शब्दांतला नको.

शेतघर असेल तर आणखी थोडं. राष्ट्रीय पूरविम्यात, म्हणजे अमेरिकी सरकारच्या योजनेत, घराच्या इमारतीला जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर, आतल्या सामानाला एक लाख, आणि सामानाचा भाग वेगळा मागून घ्यावा लागतो. विहीर, सेप्टिक टाकी, कुंपण, उभं पीक, जनावरं यांतलं काहीही येत नाही. खेड्यातल्या माणसाचं निम्मं नुकसान तिथेच असतं, आणि ते नंतर कळतं. तळघरातली घर गरम ठेवायची भट्टी आणि पाणी तापवायची टाकी येते, तिथला सोफा नाही. काउंटी या योजनेत सामील नसेल तर ही पॉलिसी मिळतच नाही, तेव्हा आधी ते पाहा.

प्रश्नकर्ता

आईला ‘कर्ज फिटेपर्यंत चारात एक’ सांगितलं. ती म्हणाली, मग विमा आजच उतरव. आज उतरवला तर आजपासून लागू होतो ना?

प्रतिसाद ३

एरवी नाही, तीस दिवस थांबावं लागतं. वादळाची बातमी ऐकून धावणाऱ्यांसाठीच तो नियम आहे. पण तुमच्यासारखी कर्जाच्या व्यवहारासोबत पॉलिसी घेतली तर ते तीस दिवस लागत नाहीत. सही व्हायच्या आधी एजंटला सांगा.